डावीकडची जागा

अंजनाकाकूंनी नारळ ठेवलेला कलश दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्या दारासमोरच्या रांगोळीजवळ, उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. डावीकडं एका माणसापुरती जागा आपोआप सुटली. सुटली तर सुटली. चाळीस वर्षांची सवय, ती काय चार महिन्यांत मोडते होय!

शेजारच्या दारात दीपा आणि वृषभ जोडीनं उभे होते. सगळी गल्ली अशीच दारोदार, सोवळ्यात उभी होती. मुनिमहाराज आहाराला निघायची वेळ झाली होती. निघताना महाराज मनात एक नियम धरतात, कुणाला सांगत नाहीत. ज्या दारी तो जुळेल तिथं थांबतात, कुठंच जुळला नाही तर उपाशी परत फिरतात. जयसिंगपुरात त्यांचा आज तिसरा आणि शेवटचा दिवस होता. आधीचे दोन्ही दिवस ते काकूंच्या दारावरून सरळ पुढं गेले होते.

"काकू, आमच्यात येऊन उभं ऱ्हावा की," दीपा म्हणाली. "जोडीचा नियम असंल तर तुमच्याकडं कसं थांबतील?"

"न्हाय थांबले तर न्हाय. दार उघडं ऱ्हायला पायजे, बास."

हे साफ खोटं होतं. महाराज थांबावेत म्हणून काकूंचा जीव तीळतीळ तुटत होता. काकूंचे यजमान श्रेणिकअण्णा होते तोवर गावात आलेला एकही साधू या घरचा आहार घेतल्याशिवाय गेला नव्हता. अण्णांचं आयुष्यच देवाच्या कामात गेलं. पहाटे पाचला विहिरीचं पाणी काढायचं, गाळायचं, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेकाला न्यायचं. एक दिवस चुकला नाही. आणि म्हणून घराकडं पाठ फिरवली, असंही नाही. मुलाला, अरिहंतला, सायकलवर शाळेत सोडायचे, अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं स्वतः करायचे. काकूंचं डोकं दुखलं तर भाकऱ्या थापायला बसायचे. वाकड्यातिकड्या, पण थापायचे.

गेल्या महिन्यात बस्तीत त्यांचा फोटो लागला. भाषणं झाली, असा माणूस पुन्हा होणार नाही म्हणून लोक रडले. काकू कोरड्या डोळ्यांनी बसून राहिल्या. धीराची बाई, असं बायका म्हणाल्या. धीर कसला डोंबलाचा! राग होता तो.

चार महिन्यांमागची ती पहाट. पौषातली थंडी, अण्णांच्या अंगात ताप. गार पाण्यानं अंघोळ करून ते निघाले, तर काकू दारात आडव्या झाल्या होत्या.

"आजच्या दिवस नगा जाऊ."

"देव वाट बघत असंल गं."

"आणि मी? मी न्हाय व्हय बघत?"

अण्णा हसले, बादली उचलली आणि गेले. त्या दुपारीच ताप चढला, तो उतरला नाही. नवव्या दिवशी अण्णा गेले. आता हा राग सांगायचा कुणाला? अरिहंतला पुण्याला फोनवर? देवाचं करता करता गेलेल्या माणसावर बायको रुसली म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील. काकूंनी तो राग गिळला, पण तो काही पचला नाही.

"आले, आले!" वृषभ म्हणाला.

गल्लीच्या टोकाला महाराज दिसले. उजवा हात खांद्याला टेकवलेला, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. इथं थांबा म्हणून दारोदारी हाका सुरू झाल्या. महाराज एक दार ओलांडून आले, दुसरं ओलांडलं. वृषभ-दीपासमोरून पुढं आले आणि काकूंच्या रांगोळीपाशी थांबले.

काकूंनी कलश सावरून धरला.

"नमोऽस्तु, नमोऽस्तु, नमोऽस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!"

त्यांनी महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या आणि पुन्हा जागेवर येऊन उभ्या राहिल्या. आता शुद्धी बोलायची. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी हे अण्णा म्हणायचे. आहारजल शुद्ध आहे, एवढंच काकूंच्या वाटणीचं, कारण स्वयंपाक त्यांचा. हे सगळं बोलल्याशिवाय महाराज घरात पाऊल टाकत नाहीत.

काकूंनी तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला अडकल्या. वाणी, काया, अन्न, पाणी, सगळं शुद्ध होतं. मनाचं काय? साधूपुढं खोटं बोलायचं?

"काकू, बोला की!" दीपा दबक्या आवाजात ओरडली. महाराजांचं मौन. ते विचारणार नाहीत, फार वेळ थांबणारही नाहीत.

सवयीनं काकूंनी डावीकडं बघितलं, आणि त्यांना आठवलं. अण्णाही इथंच थांबायचे. दर वेळी. मान वळवून काकूंकडं बघायचे, काकू मान हलवायच्या, मगच पुढचं म्हणायचे. स्वयंपाक झाला का विचारतायत, असं काकूंना वाटायचं. एकदा सकाळीच दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. काकूंनी मुद्दामच मान हलवली नाही. अण्णा गप्प उभे. महाराजांनी जायला पाऊल उचललं तरी गप्पच. शेवटी काकूंनाच दया आली, त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठं त्या माणसाच्या तोंडून मनशुद्धी निघाली.

स्वयंपाक तर त्या दिवशी केव्हाच झाला होता. चुलीवरची भांडी अण्णांनीच उतरवली होती. म्हणजे विचारणं स्वयंपाकाचं नव्हतंच, काकूंच्या रागाचं होतं.

महाराजांच्या हातातली पिंछी हलली. काकूंचे डोळे चार महिन्यांत पहिल्यांदा भरून आले.

"एवढं बघत होता व्हय माझ्याकडं," त्या पुटपुटल्या.

मग डावीकडच्या मोकळ्या जागेकडं बघून त्यांनी हळूच मान हलवली.

"मनशुद्धी," काकू म्हणाल्या. आवाज अण्णांएवढा मोठा नव्हता, पण शेजारी दीपाला ऐकू गेला.