जिवंतांची चिठ्ठी

इव्हान्थियाने उकडलेल्या गव्हाचं पातेलं तिरकं केलं आणि वाफाळते दाणे पांढऱ्या चादरीवर हळूहळू पसरले. उद्याचा शनिवार मृतात्म्यांचा, त्यांच्या नावाने चर्चमध्ये गोड गव्हाचा प्रसाद वाटायचा. आज संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत गहू कोरडा व्हायला हवा, नाहीतर साखर पडली की त्याचा चिखल होतो. चर्चमागच्या खोलीत टेबलाभोवती त्या चौघी होत्या, आणि बोलणं गव्हावरून केव्हाच त्या कादंबरीवर गेलं होतं.

पाद्रीबाबांच्या नजरेला पडू नये म्हणून कादंबरीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. खरं तर पाद्रीबाबांना आता समोरचा माणूससुद्धा नीट दिसत नसे. पण कव्हर राहिलं. वसंतात आलेलं ते पुस्तक बेटावरच्या निम्म्या घरांतून फिरून आलं होतं. एका जहाजमालकाच्या बंगल्यावर काम करणाऱ्या मुलीला त्याच्यापासून दिवस जातात. ती कुणाला न सांगता निघून जाते आणि दूरच्या गावात पोर वाढवते. पाच वर्षांनी तो स्वतःच्या बोटीतून तिथे येतो आणि पोराच्या हनुवटीवर आपलीच खळी पाहतो.

बेकरीवाल्या कालिरोईने शेवटाला दोन रुमाल भिजवले होते. असा माणूस एखाद्याच्या तरी नशिबी असू दे, म्हणाली. आपल्या घरी आहे तो खळीच काय, पोरांची नावंसुद्धा अडखळत सांगतो. तिच्या सुनेचा, पिपिनाचा, राग मात्र त्या मुलीवर होता. एवढा श्रीमंत बाप असताना पोराच्या पायात फाटक्या चपला! न सांगणं म्हणजे चोरीच की. बापाकडचीही आणि पोराकडचीही.

इव्हान्थिया मान खाली घालून फडक्याने दाणे टिपत राहिली. आज शुक्रवार, तिचा उपास. सकाळपासून पोटात पाव आणि चार ऑलिव्ह. पण तिचं लक्ष भुकेकडे नव्हतं, पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे होतं.

चोवीस वर्षांपूर्वी कुशीत तान्हं मूल घेऊन, काळे कपडे घालून ती या बेटावर उतरली, तेव्हा नवरा समुद्रात गेला, एवढंच तिने सांगितलं होतं. काळे कपडे नंतर कधी उतरले नाहीत. आता तोच मुलगा, फानूरिस, टेबलापलीकडे बसलेल्या स्तमाताच्या मुलीशी, आर्गिरोशी, जुलैत लग्न करणार होता. त्या दोघांना सगळं ठाऊक होतं. उरली होती स्तमाता. लग्नाच्या परवानगीसाठी फानूरिसचा जन्मदाखला आज द्यायचा होता, आणि पाद्रीबाबांचे कागद तीच वाचून दाखवी. दाखला इव्हान्थियाच्या पिशवीत होता. बापाच्या नावाची जागा त्यात कोरी होती.

"स्तमाताबाई, तुम्ही वाचलीत ना? काहीच बोलत नाही," पिपिनाने टोकलं.

"वाचली," स्तमाता म्हणाली. "पटली नाही."

इव्हान्थियाचं फडकं जागच्या जागी थांबलं.

"ती मुलगी ना? मी तेच म्हणते."

"मुलीचं काय घेऊन बसलीस. मला ते गाव नाही पटलं. पाच वर्षं बाई तिथे राहते आणि कुणाला पत्ता नाही म्हणे. इथे माझा कांदा जरा करपला तर चार घरांपलीकडून विचारतात. लिहिणारी अथेन्सची असणार. गाव बोटीतूनच पाहिलं असेल तिने."

कालिरोई हसून हसून खाली बसली. मग सासूसुना बदाम आणायला बेकरीकडे गेल्या, वाटेतही त्या खळीवरून वाद घालत.

खोलीत दोघीच उरल्या. इव्हान्थियाने हात पुसले, पिशवी उघडली.

"एक सांगायचंय, स्तमाताबाई. कागद वाचायच्या आधी."

"आधी चिठ्ठ्या दे."

प्रत्येक घरातून उद्यासाठी दोन चिठ्ठ्या यायच्या: एकीवर गेलेल्यांची नावं, दुसरीवर ज्यांना सुखी ठेव म्हणून मागायचं त्यांची. स्तमाताने पहिली उलगडली. आई, वडील, भाऊ.

"चोवीस वर्षं तुझ्या चिठ्ठ्या मीच गोळा करतेय, वाचतेय," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी वाटलं, दुःखात राहून गेलं असेल. पण विधवा बाई दर वर्षी नवऱ्याचंच नाव विसरते, असं कुठे असतं?"

इव्हान्थियाने पिशवीतून दाखला काढून टेबलावर ठेवला.

"माणसांशी खोटं बोलले," ती हळूच म्हणाली. "पण जिवंत माणसाला तिथे मेलेल्यांत कसं बसवू?"

"नाहीच बसवलंस. तो इकडे असतो." स्तमाताने दुसऱ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. फानूरिस, आणि त्याच्याखाली लेआंद्रोस. "या नावाचा आपल्या गावात कुणी नाही. कालिरोईचा बोकडसुद्धा नाही."

"तुम्ही कधी कुणाला..."

"चिठ्ठीतलं बाहेर काढायचं नसतं. आणि तुझ्या मुलाला हो म्हटलं, ते हे धरूनच म्हटलं. जी देवापुढे एक नाव इकडचं तिकडे करत नाही, तिच्या घरी मुलगी द्यायला मी का भ्यावं?"

इव्हान्थियाने दाखला पुढे सरकवला. स्तमाताने तो न उघडताच पाद्रीबाबांच्या फायलीत ठेवला. मग पेन्सिल जिभेला लावून ती जिवंतांच्या चिठ्ठीवर वाकली. दोन नावांमध्ये जागा थोडीच होती. तिथे तिने बारीक अक्षरांत आपल्या मुलीचं नाव लिहिलं. फानूरिसच्या अगदी खाली.

बाहेर सासूसुनांचे आवाज जवळ येत होते.

"विहीणबाई," स्तमाता चिठ्ठीची घडी घालत म्हणाली, "गहू हलवा जरा. खाली चिकटेल."

इव्हान्थियाने दोन्ही हात गव्हात घातले. तो अजून कोमट होता.