आयोनच्या नावाचं भांडं

आयोनला पुरून तीन आठवडे झाले आणि व्हर्लाच्या स्वयंपाकघरातलं खालचं कपाट वाजायला लागलं. दुपारी भांडीकुंडी उरकून ती जरा टेकली की आतून पत्र्याचा आवाज यायचा, टक् टक्. दोनदाच. केकचं पीठ भांड्यात ओतलं की कडेवर चमचा दोनदा आपटायची आयोनला खोड होती, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

कपाटात भांडंही आयोनचंच होतं. तळाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत तिचं नाव. चर्चच्या तळघरात जेवणं उठली की भांड्यांची अदलाबदल होते, म्हणून आमच्या आयोवातल्या बायका अशी पट्टी लावतात. व्हर्लाचा नवरा वारला तेव्हा आयोन याच भांड्यातून ओट्सचा केक घेऊन आली होती. त्याला सहा वर्षं झाली. भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढी साधी रीत. पण व्हर्लाच्या हातून कधी धड केक होईल तर शपथ. आज करू, उद्या करू म्हणता वर्ष गेलं. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी तिनं आयोनच्या दारावरून जाणंच सोडलं. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण अंथरुणाला खिळली, तरी ही बया फिरकली नाही.

गुरुवारी पुन्हा कपाट वाजलं तशी ती उठली.

"बरं बाई, देते तुझं भांडं," ती कपाटाला म्हणाली. "मग तरी माझा पिच्छा सोड."

आयोननं कधीकाळी लिहून दिलेला कागद तिनं शोधून काढला. ओट्सवर उकळतं पाणी ओतून वीस मिनिटं झाकून ठेवले. लोणी, साखर, अंडी, मैदा, दालचिनी. सगळं कालवून पीठ कपाटातल्या आयोनच्याच भांड्यात ओतलं. केक फुगून आला, तेव्हा वर खोबरं आणि अक्रोडाचा थर पसरून तो ओव्हनच्या वरच्या आचेखाली सरकवला. खरी मेख इथेच असते. खोबरं सोनेरी व्हायला तीन मिनिटं लागतात आणि कोळसा व्हायला एक श्वास. कागदावर शेवटी लिहिलंच होतं, 'इथून हलू नकोस.'

तेवढ्यात फोन वाजला, आणि व्हर्ला ती व्हर्लाच, गेली उचलायला. चर्चमधून कुणीतरी रविवारच्या कॉफीचं विचारत होतं. बोलता बोलता मागून आवाज आला, टक् टक्. ती फोन टाकून धावली. थर नुकता सोनेरी झाला होता. कपाटाचं दार सताड उघडं होतं, आणि आत तर वाजायला भांडंच नव्हतं, ते ओव्हनमध्ये होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. केक बाहेर काढून ती भांड्यासकट आयोनच्या घरी निघाली.

आयोनचा नवरा ऑर्व्हल दारात उभा राहून भांड्याकडे बघतच राहिला.

"आलीस होय," तो म्हणाला. "बस."

त्यानं तुकडा कापून खाल्ला. "तिच्यासारखा नाही झालाय. पण जळला नाही, हेच नवल."

"मी फार वाईट वागले रे, ऑर्व्हल. तिनं एकदा जरी भांडं मागितलं असतं, तर नाक घासत आले असते."

"मी कितीदा म्हटलं, जा, मागून आण. तर म्हणायची, मागितलं की ती देऊन मोकळी होईल. मग तिला इकडं यायला निमित्त काय उरलं? दर गुरुवारी दोन कप मांडून बसायची. शेवटी उठवेना, तेव्हा मला मांडायला लावायची."

व्हर्लाला रडू आवरेना. ऑर्व्हलनं उरलेला केक ताटलीत काढला, भांडं धुऊन पुसलं, त्यात परसातली सफरचंदं भरली आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"अरे, हे परत द्यायलाच तर आले होते मी."

"तिचंच सांगणं आहे. व्हर्ला भांडं घेऊन आली की भरून दे म्हणाली. म्हणजे तिला पुन्हा यावं लागेल."

घरी येऊन तिनं सफरचंदं परडीत काढली आणि भांडं जागच्या जागी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची ओढून ती कपाटासमोर बसली.

"वाजव गं," ती म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत ती कान लावून बसली होती. कपाट पुन्हा कधी वाजलं नाही.