ऑलिव्हबाईंचं एक वाक्य

रूपर्ट हॅस्लमचा चेहरा अख्ख्या अमेरिकेला पाठ होता आणि नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. किराण्याच्या दुकानात बायका त्याला निरखून बघायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही आमच्या टोलेडोच्या बँकेत होता ना?" पूर्वी तो खुलासा करत बसायचा. आता "होतो, पण सोडली मी बँक" म्हणून मोकळा व्हायचा.

नऊ वर्षांत एकशे बारा चित्रपट. त्यांत एकतीस वेळा हॉटेलचा कारकून, एकोणीस वेळा बटलर, चौदा वेळा न्यायाधीश. मेला सात वेळा, पण पडद्यावर एकदाच. बाकी सहा वेळा दुसऱ्याच कुणीतरी येऊन ती बातमी सांगितली. नायिकेने त्याच्याकडे पाहून हसायचा प्रसंग एकदा आला होता, तोही कात्रीत गेला. त्याची तक्रार नव्हती. तक्रार न करणं हीच तर त्याची खरी कला, असं त्याच्याबरोबरची मंडळी म्हणत, आणि ते काही अगदीच कौतुकाने म्हणत नसत.

त्या मंगळवारी तो बत्तिसाव्यांदा हॉटेलचा कारकून होता. प्रसंग साधा होता. नायिका सामानासकट हॉटेलात येते, आपल्या नवऱ्याबद्दल विचारते. कारकुनाने मान खाली घालायची, बोलायचं काही नाही. शेजारी फरशी पुसत बसलेली म्हातारी मोलकरीण वर बघते आणि म्हणते, "गेले ते, बाईसाहेब. पहाटेच गेले."

ही म्हातारी होती ऑलिव्ह मर्चिसन.

बोलपट येण्याआधी अकरा वर्षं हॅस्लम त्यांच्या नाटक कंपनीत होता. गावोगाव, रेल्वेने, थंडीवाऱ्यात. तबक कसं धरावं, दुसरा बोलत असताना आपण कसं उभं राहावं, हे सगळं त्यांनीच त्याला शिकवलं. मग कंपनी बुडाली, बाईंचा नवरा गेला, आणि त्या कॅलिफोर्नियात येऊन चित्रपटांतल्या गर्दीत उभ्या राहू लागल्या. स्टुडिओत माणसांच्या जाती दोनच, बोलणारे आणि गर्दीतले. बोलणारा खाली गर्दीत उतरला तर त्याला कुणी अडवत नाही. गर्दीतल्याने वर चढायचं तर कुणाला तरी त्याच्या तोंडात एक वाक्य घालावं लागतं. ऑलिव्हबाई चार वर्षं त्या एका वाक्याची वाट बघत होत्या. आणि शब्द टाकला होता हॅस्लमनेच. सहायक दिग्दर्शक डटनला तो म्हणाला होता, "एकदा बोलायला देऊन बघा. पुन्हा गर्दीत उभं करायला तुमचाच जीव धजणार नाही."

तालमीत बाईंनी वाक्य नुसतं म्हणून टाकलं. डटनने हॅस्लमकडे तिरकं बघितलं. "हेच का तुमचं रत्न?"

"तालमीत खर्च करत नाहीत त्या," हॅस्लम म्हणाला.

खरंच होतं ते. ऑलिव्हबाईंची खुबी होती थांबण्यात. वाक्याच्या आधी त्या थांबायच्या, आणि ते फक्त खऱ्या प्रयोगाला. नाटकात त्यांच्यामागे तबक धरून उभा असलेला हॅस्लम रोज मनात आकडे मोजायचा. एक, दोन, तीन. तिसऱ्या आकड्याला खोकणारे प्रेक्षकसुद्धा खोकला गिळायचे. मग बाई बोलायच्या.

कॅमेरा सुरू झाला. नायिकेने विचारलं. हॅस्लमने मान खाली घातली. ऑलिव्हबाईंनी फडकं बादलीत सोडलं, वर पाहिलं, आणि थांबल्या.

एक. दिव्याच्या शिडीवरचा माणूसही हलायचा थांबला.

दोन. नायिकेचा चेहरा खरोखर पांढरा पडत चालला होता. हॅस्लमला कळलं की आता तिसरा आकडा येईल आणि मग या खोलीत दुसरं कुणी उरणारच नाही. एकशे बारा चित्रपटांत त्याच्यासाठी असं कुणी श्वास रोखून थांबलं नव्हतं.

"गेले ते, बाईसाहेब," हॅस्लम म्हणाला. मान खालीच ठेवून, हलक्या आवाजात. "पहाटेच गेले."

"कट," दिग्दर्शक क्लेबोर्न म्हणाला. मग खुर्चीवरून उठला. हा माणूस सहसा उठत नसे. "असंच ठेवा. मोलकरणीपेक्षा कारकुनाच्या तोंडीच हे बरं. अरे, काय सावरलंय यांनी. म्हातारी विसरली आणि गड्याने कळूसुद्धा दिलं नाही."

सगळे हॅस्लमकडे बघत होते. नायिकेने त्याच्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, "माझ्या अंगावर काटा आला." त्याने नम्रपणे मान लववली. ते त्याला फार छान जमायचं. ऑलिव्हबाईंनी बादलीतून फडकं काढलं, पिळलं, आणि पुढची फरशी पुसायला घेतली.

कोपऱ्यात डटन आपल्या पेटीतून एक कार्ड काढत होता. प्रत्येक नटाचं एक कार्ड, त्यावर पेन्सिलीने दोन-चार शब्द. त्या शब्दांवर उद्याचं काम मिळायचं किंवा जायचं, आणि एका स्टुडिओतले शब्द दुसऱ्या स्टुडिओत पोचायला आठवडा लागत नसे. हॅस्लमने जाता जाता वाचलं. मर्चिसन, ऑलिव्ह. विसरते.

जेवणाच्या सुट्टीत तो बीन्सचं सूप नुसतं ढवळत बसला. मुद्दाम केलं असं काही नाही, तो स्वतःला समजावत होता. रंगभूमीची सवय ती. जागा रिकामी पडली की शेजारच्याने भरायची. हे समजावणं त्याने तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा ते पटायला थोडंसंच कमी पडलं. शेवटी तो उठून क्लेबोर्नच्या टेबलापाशी गेला.

"साहेब, ऑलिव्हबाई विसरल्या नव्हत्या. माझीच घाई झाली."

क्लेबोर्नने चमचा खाली ठेवला. "डटन, ऐकलंस? याला म्हणतात जुना माणूस. दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय." मग त्याने पलीकडच्या बाकावर हाक मारली. "बाई, इकडे या जरा. हे तुमच्या बाजूने भांडतायत."

ऑलिव्हबाई हातात वाडगा घेऊन आल्या. त्यांनी क्लेबोर्नकडे पाहिलं, डटनकडे पाहिलं, हॅस्लमकडे मात्र अगदी ओझरतं पाहिलं.

"मिस्टर हॅस्लम पहिल्यापासूनच भले," त्या म्हणाल्या. "वय झालं माझं, साहेब. शब्द जिभेवर येतो आणि निसटून जातो. यांनी सावरलं म्हणून अब्रू राहिली."

त्यांचा हात जरासा कापला, वाडग्यातलं सूप काठापर्यंत आलं आणि मागे गेलं. अकरा वर्षांत हॅस्लमने तो हात कापताना कधी पाहिला नव्हता. टेबलावरच्या माणसांचे चेहरे मऊ झाले. "डटन, चित्रपट संपेपर्यंत बाईंना रोज गर्दीत घे," क्लेबोर्न म्हणाला. मग हॅस्लमच्या खांद्यावर थाप मारून पुढे म्हणाला, "आणि तुम्ही. पुढच्या चित्रपटात एक डॉक्टर आहे. चार प्रसंग, शेवटी रडतो वगैरे. कराल?"

"करीन की," हॅस्लम म्हणाला. "आभारी आहे."

हे शब्द बाहेर पडायला त्याला मोजावंसुद्धा लागलं नाही.

सहाला काम सुटलं. फाटकाबाहेर ट्रामच्या थांब्यावर ऑलिव्हबाई उभ्या होत्या. हॅस्लमने गाडी बाजूला घेतली, काच खाली केली.

"चला, सोडतो."

"ट्राम येईल."

"तसं का म्हणालात तुम्ही त्यांच्यापुढे?"

"मग कसं म्हणू?" बाईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "खरं सांगितलं असतं तर विसरभोळी म्हातारी भांडखोर म्हातारी झाली असती. विसरभोळीला गर्दीत तरी उभं करतात रे. भांडखोर म्हातारीला फाटकातूनच परत लावतात."

"मी सांगितलं की, चूक माझी म्हणून."

"घाई झाली म्हणालास. झाली होती घाई?"

हॅस्लमने गाडीचं इंजिन बंद केलं.

"माझ्यामागे तबक धरून उभा असायचास तेव्हा ओठ हलायचे तुझे. किती मोजायचास?"

"तीन."

"आज?"

"दोन," हॅस्लम म्हणाला.

"मग त्याला घाई म्हणू नकोस, रूपर्ट. चोराने निदान आपण चोर आहोत एवढं तरी लक्षात ठेवावं. वर भला माणूस म्हणूनही मिरवलास, तो हात मात्र फारच लांबचा मारलास."

ट्राम आली. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या, आणि त्यांनी शेजारच्या बाईला किती वाजले ते विचारलं.

हॅस्लमने गाडी तिथेच सोडली आणि परत आत गेला. सुतारांनी हॉटेलची अर्धी भिंत उतरवली होती. त्याचं टेबल दोघं जण उचलून नेत होते. क्लेबोर्न गेला होता. डटन आपल्या खोपटात कार्डं लावत बसला होता.

"काही विसरलात का?"

"मगाशी मी सगळं सांगितलं नाही," हॅस्लम म्हणाला. "बाई थांबल्या होत्या. त्या नेहमी थांबतात. मला माहीत होतं. माहीत असून मी वाक्य घेतलं."

डटन हसायला लागला आणि मध्येच थांबला. हा भलेपणा नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं. "का?"

"चांगलं होणार होतं म्हणून."

डटनने हातातलं कार्ड खाली ठेवलं. "सेट मोडला. वाक्य आता तुमच्याच तोंडी राहणार. हे मला सांगून काय मिळवलंत?"

"त्यांच्या कार्डावर 'विसरते' लिहिलंय. त्या विसरत नाहीत."

डटनने कार्ड काढलं, शब्द खोडरबराने पुसला, फुंकर मारली. "पुसलं. पण क्लेबोर्नच्या डोक्यातलं मला पुसता येणार नाही, आणि दुपारपासून हे किती जणांनी किती जणांना सांगितलं ते देवाला ठाऊक."

"हो."

मग डटनने पेटीतलं दुसरं कार्ड वर ओढलं. हॅस्लमने आपलं कार्ड कधी पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांत कडा काळ्या पडल्या होत्या. डटन ते मोठ्याने वाचू लागला. "वेळेवर येतो. विश्वासू. कुणाच्या मध्ये येत," आणि पुढचं त्याने वाचलं नाही.

पेन्सिल कार्डावर टेकवून तो म्हणाला, "निघा तुम्ही आता. समोर माणूस उभा असला की मला लिहिता येत नाही."

हॅस्लम दारापर्यंत गेला आणि तिथे क्षणभर थांबला. त्या डॉक्टरच्या कामाचं काय, हे विचारायला त्याने तोंड उघडलं होतं. आपण ते उघडलंय हे त्याच्या लक्षात आलं, तसा मानेपर्यंत लाल होऊन तो बाहेर पडला.