लाल दोरा

राजकुमार राठोडच्या कॅमेऱ्याला आमच्या बंजाऱ्यांच्या सगळ्या तांड्यांत डोकरी म्हणत. नाव शोभणारंच होतं. वय तेरा वर्षं, म्हणजे कॅमेऱ्यांच्या जातीत पणजीच. बटण दाबल्यावर जागी व्हायला दीड मिनिट घ्यायची, उन्हात तापली की आतला पंखा असा घरघरायचा की बोहल्यावरचा नवरदेव मागे वळून बघायचा. हैदराबादच्या एका सिनेमावाल्याने मोडीत काढलेली ही वस्तू राजकुमारने स्वस्तात उचलून आणली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

मग लोकांनी तिचं चित्र पाहिलं. नव्या कॅमेऱ्यांत फेटियाचा, म्हणजे आमच्या बायांच्या घागऱ्याचा, लाल रंग जळून नुसता डाग व्हायचा. त्यावरच्या आरशांच्या जागी पांढरी भोकं पडायची आणि सत्तर वर्षांच्या बाईचं तोंड पावडर थापल्यासारखं गुळगुळीत दिसायचं. डोकरी मात्र एका लालात चार लाल दाखवायची. आरशात आभाळ दिसायचं, सुरकुती सुरकुतीच्या जागी राहायची. यवतमाळला ड्रोनसकट सगळं मिळत असताना लोक राजकुमारला विचारून लग्नाची तारीख काढायचे. पोरीची पाठवणी तेवढी डोकरीनेच टिपावी, असा हट्टच असायचा.

या मोठेपणात राजकुमारची एक लबाडी होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डोकरीला लावलेली लेन्स दुसऱ्याच कुठल्या कंपनीची. तिच्यावरचे अंतराचे आकडे साफ खोटे. पडदा एवढा मिणमिणता की उन्हात त्यावर काही धड दिसत नसे. मग राजकुमारने खपून खपून माप काढलं: माणूस चार पावलांवर असला की लेन्सची फोकसची कडी कुठे आणायची. ती जागा त्याने कडीच्या खालच्या अंगाला, पोरीच्या कंपासपेटीतल्या टोकाने ओरखडून ठेवली. दिसत नव्हती, अंगठ्यालाच लागायची. इथवर ठीक होतं. पण कोणी बघून शिकेल या धास्तीने या महाभागाने कडीच्या वरच्या अंगाला, दोन बोटं अलीकडे, एक लाल दोरा बांधला. जो येई तो दोरा बघे आणि खूण कळली असं समजून जाई.

बायकोचा धाकटा भाऊ अंकुर, यवतमाळला ज्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे, तो चार वर्षांपूर्वी केळापूरकडच्या एका लग्नाला डोकरी मागून घेऊन गेला. त्याने दोऱ्यावर विश्वास ठेवला. सगळी पाठवणी धुरकट आली. नवरी पुसट आणि तिच्या पुढ्यातला मांडवाचा बांबू मात्र लख्ख. नवरीच्या बापाने भर मांडवात त्याचा पाणउतारा केला. कॅमेरा परत द्यायला आला तेव्हा अंकुरची मान वर होत नव्हती. राजकुमारने तेव्हा तरी खरं सांगायचं. तो म्हणाला, "हात लागते लेका, हात." आणि मिशीत हसला.

आता राजकुमारच्या पोरीचं, जयाचं, लग्न ठरलं आणि तो दोरा त्याच्याच गळ्यापर्यंत आला.

आमच्यात पाठवणीच्या वेळी नवरी ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते आणि ज्याच्या गळ्यात पडली त्याच्यापुरते शब्द तिथल्या तिथे जुळवते. हल्ली कोणाला येत नाही, पण जया महिनाभर हंसाबाई आत्याकडे बसून शिकली होती. तिने बापाला दोनच गोष्टी मागितल्या.

"बापू, माहा ढावलो डोकरीवरच पायजे. अन् शेवटी तुया गळ्यात पडून म्हणीन."

"मंग डोकरी कोण धरंल?"

"ते मले काय मालूम? तूच पाह्य."

असं म्हणून पोरगी बापाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. कंपासपेटी तिचीच होती.

डोकरी स्टँडवर सोडून द्यावी तर तेही जमणारं नव्हतं. ढावल्यात माणसं झुलतात, गर्दी आत शिरते, मिनिटभरात पुढ्यात कोणाचं तरी पागोटं येतं. धरणारा माणूसच हवा. अंकुरने आपणहून विचारलंही, "भाऊजी, त्या दिवशी मी धरतो. तुमी मोकळे राहा."

"तुले जमत नाही. एकदा पाह्यलं ना आपण," राजकुमार बोलून गेला, आणि बोलता बोलताच त्याने जीभ चावली. डोकरी अंकुरच्या हातात द्यायची तर ओरखडा दाखवायचा. ओरखडा दाखवायचा तर चार वर्षांपूर्वीचा तो बांबू कोणामुळे आला तेही सांगायचं. लग्नाला चार दिवस उरले असताना तो एसटीने यवतमाळला गेला, अंकुरच्या स्टुडिओत बसला, दोन कप चहा प्याला, पत्रिका कशी छान छापली यावर बोलला आणि तसाच परत आला. बायकोने, वर्षाने, विचारलं, "कायले गेलते?" तो म्हणाला, "सहज."

पाठवणी दुपारी निघाली. ऊन रणरणत होतं. राजकुमारने डोकरीच्या पाठीवर ओलं फडकं टाकलं, कानाला हेडफोन लावला आणि चार पावलांवर उभा राहिला. जयाने हंसाबाईचा फेटिया आणि काचळी, म्हणजे चोळी, घातली होती. काचळीच्या काठाला त्यानेच छोटा माईक लावला होता, त्यामुळे तिचा श्वाससुद्धा त्याच्या कानात येत होता. आधी ती हंसाबाईच्या गळ्यात पडली, मग वर्षाच्या. मायलेकी एकमेकींना सोडेनात. बाया पदराने डोळे पुसत होत्या. राजकुमारचा अंगठा ओरखड्यावर होता आणि डोळे कोरडे ठाक. रडला तर हात हलेल, हात हलला तर चित्र जाईल. पोरीच्या लग्नात स्वतःला रडायचीही सोय त्याने ठेवली नव्हती. आतमध्ये नुसता कोंडला होता तो.

मेमरी कार्डात सहा मिनिटं उरली होती. आईनंतर मामा, मामानंतर बाप. जया त्याच्यापर्यंत येईल तेव्हा काय करायचं, हे त्याला अजूनही सुचलं नव्हतं.

जयाने अंकुरच्या गळ्यात हात टाकले आणि आमच्या गोरबोलीत सूर लावला. मामा तू बोरं आणायचास, मामा तू जत्रेत खांद्यावर घ्यायचास. अंकुर हमसून रडायला लागला. आणि मग त्याच सुरात, त्याच हेलात, पोरगी म्हणाली:

"मामा रे, लाल दोरा खोटा. खरी रेघ खालच्या अंगाला, दोन बोटं पुढं. माझ्याच कंपासची रे मामा, अंगठ्यानं शोध. माणूस चार पावलांवर ठेव. तोंड काळं दिसलं तर भिऊ नको, आरसे जपून घे, तोंड मागाहून कॉम्प्युटरवर उजळतं. मामा रे, तुझा हात चांगला होता. माझ्या बापूला सोडव."

हंसाबाईला वाटलं, पोरीने नवंच कडवं जुळवलं. तिने आणखी मोठ्याने हुंदका दिला. बाकीच्या बायांनीही दिला. दोघांनाच काय ते कळलं. अंकुरचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्याने जयाच्या खांद्यावरून सरळ राजकुमारकडे पाहिलं. राजकुमारला नजर चुकवता येईना, कारण त्या नजरेवरच फोकस होता. त्याची लबाडी त्याच्याच डोकरीने, शब्दान् शब्द, लख्ख टिपून घेतली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अंकुर चार पावलं चालत आला. त्याने लेन्सखाली हात घातला. राजकुमारच्या अंगठ्याशेजारी त्याचा अंगठा चाचपडला, थांबला.

"हात लागते म्हने," अंकुर हळूच म्हणाला.

"अंकुर, त्या लग्नातलं... मी..."

"मंग पाहू ते. कार्डात किती हाये?"

"साडेतीन मिनिट."

"सरका मंग."

राजकुमारने हेडफोन काढून त्याच्या कानावर ठेवला. इतक्या वर्षांत डोकरी चालू असताना त्याने तिला पहिल्यांदाच सोडलं. हात एकदम रिकामे झाले आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. चार पावलं तो इतक्या मांडवांत मोजत आला होता, ती आज चालायला जड गेली. जयाने त्याचा गळा धरला. आरसे त्याच्या सदऱ्यात रुतले. ती गायला लागली आणि या गृहस्थाने काय करावं? मान वळवून मागे पाहिलं. अंकुरचा अंगठा खाली आहे का, चारच पावलं आहेत ना, ऊन कुठल्या बाजूचं येतं.

जयाने गाणं थांबवलं. दोन्ही हातांनी बापाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"बापू," ती कानाशी म्हणाली, "आता तरी मले पाह्य."

त्याने पाहिलं. मग जे रडू आलं ते आवरायला त्याच्या हातात काहीच नव्हतं.