दिराच्या सळया

लोखंड आठवड्याभरात दीडपट महागलं तेव्हा सगळा बाजार कपाळाला हात लावून बसला होता. मी मात्र माझ्या लोखंडाच्या दुकानात निवांत चहा पीत होते. आमचे भावजी आता पुरते कात्रीत सापडले होते.

नवरा गेला त्या वर्षी या दिरानं कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेच्या कागदांवर माझी सही घेतली. जागा दोघा भावांची. "वहिनी, तुमचा अर्धा हिस्सा माझ्याकडे सुरक्षित आहे," म्हणाला. इतका सुरक्षित, की पुन्हा मला दिसलाच नाही.

त्या जागेवर त्यानं पाच मजल्यांचा घाट घातला. पाया खणायच्या आधीच सगळे फ्लॅट विकून मोकळा झाला, तेही 'भाव वाढणार नाही' असं करारात लिहून देऊन. स्वस्ताई होती म्हणून अख्ख्या इमारतीच्या सळया एकदम घेऊन ठेवल्या. इथवर शहाणपणा होता. मग लोखंड थोडं चढलं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. आत्ता विकू, भाव उतरला की परत घेऊ, मधला नफा खिशात! दलालाकरवी त्यानं सगळ्या सळया विकल्या. घेतल्या मी. दलालाला एवढंच बजावलं होतं, माझं नाव काढायचं नाही.

भाव उतरलाच नाही, उलट उधळला. पहिल्याच स्लॅबपाशी काम अडलं. स्लॅब पडल्याशिवाय बँक पुढचा हप्ता देईना, आणि फ्लॅटवाले रोज साइटवर येऊन त्याला फैलावर घेऊ लागले. शेवटी स्वारी माझ्या दारात.

"वहिनी, घरच्या माणसाला जरा जुन्या भावानं..."

"घरचं माणूस कोण, भावजी?"

तेवढ्यात त्याची नजर मागच्या आवारात गेली. चोरीला जाऊ नयेत म्हणून त्याच्या मुकादमानं सळयांची टोकं हिरवी रंगवली होती.

"अहो, या तर माझ्या सळया!"

"होत्या."

तो मटकन स्टुलावर बसला. मग एकदम म्हणाला, "तुमचा अर्धा हिस्सा परत देतो. आजच कागद करू. पण सळया द्या."

हे शब्द ऐकायला मी वर्षानुवर्षं आसुसले होते. क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. पण मग उरलेल्या अर्ध्याचा तो मालक राहिला असता, ताठ मानेनं माझ्यासमोर वावरला असता. ते मला सहन होणार नव्हतं.

"विचार करते," म्हणाले. तो गेल्यावर फ्लॅटवाल्यांच्या म्होरक्या नर्सबाईंना फोन लावला.

"सळया माझ्याकडे आहेत. मी घेतल्या त्याच भावानं तुम्हाला देते. अट एकच. जागा आणि काम त्याच्याकडून तुमच्या सगळ्यांच्या नावावर करून घ्या. त्याचं तिथं काहीएक राहता कामा नये."

फ्लॅटवाले हातघाईवर आलेच होते. कोर्टात खेचतो म्हटल्यावर दिराचं अवसान गळालं. सही माझ्याच दुकानात झाली, तसा मी हट्टच धरला होता. पेनही मीच पुढे केलं.

मंडळी गेली. तो तिथंच बसून राहिला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"वहिनी, यात तुमचा हिस्साही गेला. आता जन्मात मिळायचा नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"मग मिळवलंत काय तुम्ही?"

मी हमालांना हाक मारली आणि सळया ट्रकमध्ये चढवायला सांगितलं. त्यांना वाट हवी होती, म्हणून त्याला स्टुलावरून उठावं लागलं.

त्या जागेवरून जाताना आजही गेलेला हिस्सा आठवतो, खोटं कशाला बोलू? पण परवा तो रस्त्यात दिसला. मला पाहून खाली मान घालून पलीकडच्या बाजूला गेला. त्या दिवशी मला दोन घास जास्तच गेले.