सरावापुरती नागरिक

नगरपालिकेने ‘नागरिक प्रथम’ हे धोरण स्वीकारले तेव्हा तक्रार कक्ष बंद ठेवावा लागला, कारण आत नागरिकांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण चालू होते. दारावर तशी पाटी होती. पाटीखाली नागरिक उभे होते.

त्यांत शिवणकाम करणारी एक बाई होती. तिच्या दारासमोर केबलसाठी चर खणला होता. केबल पडली, ठेकेदार गेला, चर राहिला. त्यावर टाकलेल्या दोन फळ्यांवरून ती ये-जा करी. तिचे वडील मात्र चाकाच्या खुर्चीत होते आणि फळ्यांवरून खुर्ची जात नव्हती. वडिलांनी आयुष्यभर बस चालवली होती. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकापाशी जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांबरोबर पत्ते कुटायचे, एवढीच त्यांची चैन उरली होती. आता ते दारात बसून रस्त्याकडे पाहत आणि मुलीचे डोके खात.

“गाडी डेपोत लावून ठेवलीय,” ते म्हणत. “पुढं रस्ता बंद.”

“तक्रार करतेय ना, बाबा.”

“कर. मीही बदलीचा अर्ज केला होता. रिटायर झालो तेव्हा मंजूर झाला.”

कक्षाचे दार किलकिले झाले आणि प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. सरावासाठी त्यांना खराखुरा नागरिक हवा होता. तोवर कर्मचारीच आळीपाळीने नागरिक होत, पण त्या भूमिकेत ते इतके संतापत की दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले होते. मॅडमनी रांगेवरून नजर फिरवली.

“तुमचं काय काम आहे?” त्यांनी शिवणवालीला विचारले.

“दारात चर आहे. बुजवायचाय.”

“अजून बुजवलेला नाही ना?”

“नाही.”

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आत या.”

आत भिंतभर तत्त्वे लावली होती. टेबलामागे इंजिनिअर होते. कचेरीत त्यांना पाठीमागे ‘बघतोसाहेब’ म्हणत, कारण कशालाही त्यांचे उत्तर ‘बघतो’ हेच असे. मॅडमनी टाळी वाजवली तसे बघतोसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी पुढे केले आणि म्हणाले, “आपली अडचण मला निवांत सांगा.”

तिने सांगितली. त्यांनी मध्ये न बोलता, मोबाइलला हात न लावता ऐकली. मग म्हणाले, “आपल्याला त्रास झाला, याचं मला वाईट वाटतं. उद्या सकाळी आमची माणसं येतील.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिने वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी दाढी करून घेतली. सकाळी कोणी आले नाही. दुपारी ती पुन्हा कचेरीत गेली.

“तो सराव होता, ताई,” मॅडम समजुतीने म्हणाल्या.

“म्हणजे खोटं?”

“खोटं कसं? सराव. तुमचं काम करून टाकलं तर उद्या आम्ही सराव कशावर करायचा? नगरपालिकांच्या सेवा स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. ते येऊन गेले की पहिलं काम तुमचं. आता आलाच आहात तर बसा, आज आपण ‘सहानुभूती’ घेतोय.”

बोलावतील तेव्हा ती जात राहिली, कारण न गेल्यास पहिले काम दुसऱ्या कोणाचे होण्याची भीती होती. बघतोसाहेब दिवसेंदिवस सुधारत गेले. चर किती खोल, वडिलांची खुर्ची किती रुंद, हे ते आपण होऊन विचारू लागले. सराव संपला की मान खाली घालून फायलीत शिरत आणि ती “साहेब, पण चराचं?” म्हणाली की म्हणत, “बघतो.”

“आज काय झालं?” वडील विचारीत.

“आज त्यांनी माझी माफी मागितली.”

“आणि चर?”

“चर आहे.”

“मग उद्या त्याला रडायला सांग.”

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला बाजूला घेतले. “ताई, राग मानू नका. तुम्ही आता फार सराईत वाटता. पाणी यायच्या आधीच हात पुढे करता. नागरिक जरा बावरलेला हवा.”

“इतके दिवस मीच होते की नागरिक.”

“म्हणूनच तर.”

तिच्या जागी एका नाटक मंडळीतली नटी आणली होती. तिला तक्रार शिकवायचे कामही शिवणवालीकडेच आले. नटी मन लावून शिकली. वडील रागावले की काय करतात, फळी कोणत्या बाजूने करकरते, सगळे तिने विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर नटी अशी बावरली की एका परीक्षकाला चष्मा पुसावा लागला. बघतोसाहेबांनीही कुठे चूक केली नाही. तक्रार संगणकावर नोंदवताना त्यांनी नाव-पत्ता विचारला. हे तिला कोणी शिकवले नव्हते, म्हणून तिने स्वतःचा खरा पत्ता सांगितला. मुख्य परीक्षक खूश झाले आणि म्हणाले, “या तक्रारीचा आम्ही शेवटपर्यंत पाठपुरावा करू. कामाआधीचा आणि कामानंतरचा फोटो पाठवा, मग निकाल जाहीर करतो.”

पुढच्या सकाळीच मुकादम माणसे आणि मुरमाचा ट्रक घेऊन नटीच्या दारात हजर झाला. तिथून त्याने बघतोसाहेबांना फोन लावला.

“साहेब, इथं चर नाही.”

“नीट बघ.”

“बघितलं. रस्ता गुळगुळीत आहे.”

बघतोसाहेबांनी भिंतीकडे पाहिले. चौथे तत्त्व होते, नागरिकाच्या शब्दावर संशय घेऊ नये. इतक्या सरावानंतर ते त्यांच्या तोंडपाठ होते. शिवाय तक्रार खोटी म्हणावी तर आधीचा फोटो कुठून आणायचा, हा प्रश्न होताच.

“मग खणा,” ते म्हणाले. “फोटो काढा आणि बुजवा.”

थोड्या वेळाने नटी शिवणवालीच्या दारात फळ्यांवर उभी होती.

“ताई, तुमचा चर माझ्या दारात आलाय.”

शिवणवालीने मशीन थांबवले. दोघी दोन गल्ल्या ओलांडून गेल्या तेव्हा आधीचा फोटो काढून झाला होता आणि माणसे उपसलेलीच माती चरात परत लोटत होती. मुरमाचा ट्रक तसाच भरलेला उभा होता. मुकादम त्याच्याकडे बघत कान खाजवत होता.

“परत नेला तर का उरला ते लिहून द्यावं लागेल,” तो म्हणाला. “लिहू काय?”

“माझ्या दारात ओता,” शिवणवाली म्हणाली.

“ऑर्डर आहे?”

“तुमच्या हातातली माझीच आहे. फक्त चर माझ्याकडे राहिला आणि ऑर्डर हिच्याकडे आली.”

मुकादमाने नटीकडे पाहिले. नटीने मान डोलावली. या वेळी ती अभिनय करत नव्हती.

“मला काय,” मुकादम म्हणाला, “खड्ड्यात टाकल्याशी मतलब.”

गल्ली अरुंद होती आणि ट्रकवाला घाबरत होता. वडिलांनी खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली.

“घे मागं. घे, घे. डावीकडं काप. अरे आरशात बघ, माझ्या तोंडाकडं काय बघतोस? आता सरळ. बास.”

मुरूम पडला. माणसांनी तो ठोकून सपाट केला. वडिलांनी चाकांना हात घातला आणि चर होता तिथून पलीकडे गेले. शिवणवालीला वाटले, ते थांबून काहीतरी बोलतील. ते थांबले नाहीत. कोपऱ्यावर कोणीतरी “एवढे दिवस कुठं मेला होतास?” म्हणाले आणि पत्ते पिसायचा आवाज आला.

नगरपालिकेला पहिला क्रमांक मिळाला. कक्षात प्रमाणपत्र लागले, त्यासाठी दोन तत्त्वे काढून जागा करावी लागली. सत्कार आटोपल्यावर बघतोसाहेबांनी शहरातल्या खुल्या चरांची पाहणी केली आणि शिवणवालीच्या दारातला चर गायब असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तो बुजवण्याची तक्रार कुठेच नोंदलेली नव्हती, कारण ती आजवर सरावातच झाली होती. तक्रार नाही म्हणजे आदेश नाही, आणि आदेश नाही म्हणजे कोणीतरी सार्वजनिक चर परस्पर बुजवला.

नोटीस घेऊन शिपाई आला. तिची सुरुवात ‘सन्माननीय नागरिक’ अशी होती. आपण चर पूर्ववत करून द्यावा, अशी त्यात नम्र विनंती होती, आणि न केल्यास काय होईल तेही नम्रपणे सांगितले होते. सोबत, आमची सेवा कशी वाटली, हे कळवायचे कार्ड जोडले होते. शिवणवालीने सगळे वाचले आणि मशीनचा दोरा ओवायला घेतला.

“सही घरमालकाची लागेल,” शिपाई म्हणाला. “घर वडिलांच्या नावावर आहे. कुठं आहेत?”

“बाहेर गेलेत.”

“कधी येतील?”

“काही सांगून गेले नाहीत.”