मिठाच्या पाण्यातली गाठ

बरणीचं झाकण फिरवलं आणि सईदाला ओकारीच आली. बीडच्या त्या खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून तिची सात वर्षं रक्त, लघवी आणि थुंकीच्या डब्यांत गेली होती, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांतली ती मुळीच नव्हती. पण हा वास डोक्यात जाणारा होता. पाटोद्याच्या शिवलिंगप्पाने बायकोच्या छातीतून काढलेली गाठ लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात बुडवून एसटीने आणली होती, आणि तीही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी.

"ह्याच्यात कावून घातली?" सईदाने विचारलं.

"डाक्टर म्हनले, फॉर्मलिनमधी घालून न्या. पाटोद्यात कुठंच गावंना," शिवलिंगप्पा म्हणाला. किराणा दुकानदार, जन्मात मांसाला हात न लावलेला माणूस. बरणी टेबलावर ठेवून तो चार पावलं मागे सरकला होता. "म्हनलं, मिठात घालावी. लोनचं टिकतंय की वर्षभर."

त्याच्यावर काय रागवायचं? गाठ कापणाऱ्याने ती टिकवायचं साधं औषध दवाखान्यात ठेवायचं नाही आणि दुकानदाराने ते गावभर शोधत हिंडायचं, असा सगळा कारभार. सत्त्याण्णव साल होतं. बीडमध्ये गल्लोगल्ली लॅब निघत होत्या, पाट्या मोठ्या होत होत्या, आणि आतला कारभार पाहिला तर शिसारी यावी.

महानंदा, शिवलिंगप्पाची बायको, बाकावर अंग चोरून बसली होती. नवरा चहाला गेल्यावर ती म्हणाली, "ताई, काखंत बी लागतंय कायतरी, वाटान्याएवढं. ह्यांना बोलले न्हाई. वाईट निघालं तरी खरं सांगा मला. उगं गोड बोलून घरी धाडू नका."

सईदाने शब्द दिला. देऊ नये असं तिला शिकवलेलं होतं, तरी दिला.

चार दिवसांनी गाठीच्या पातळ कापांच्या काचा तयार झाल्या. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. पेशीला पेशीशी धरून ठेवणारी प्रथिनं असतात, हे औरंगाबादला कोर्स करताना तिला एका मॅडमनी जीव तोडून शिकवलं होतं. ती प्रथिनं गेली की पेशीची पकड सुटते. मग ती एकटीच निघते, काखेत, रक्तात, हाडांत, वाट फुटेल तिकडे. काचेवर तशाच पेशी होत्या, सुट्या सुट्या, रॉकेलच्या रांगेत उभ्या राहाव्यात तशा एकीमागे एक. गाठ सडली तरी पेशी सुटतात, हेही तिला ठाऊक होतं. पण मग शेजारच्या धडक्या दूधनळ्याही सुटायला हव्या होत्या. त्याच बरणीत, त्याच मिठात होत्या की त्या. त्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट धरून होत्या.

गुरुवारी डॉ. हलकुडे आले. चार गावांतल्या चार लॅबवर त्यांचं नाव होतं, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला त्यांचा तासभर येई. एका हातात भजी धरून, तेलकट बोटांनी त्यांनी काच सरकवली आणि तीन सेकंद पाहिलं.

"सडलंय. मिठात घातल्यावर दुसरं काय होणार? पेशी सुटल्यात. लिहून टाक, कॅन्सर नाही."

"सर, पेशी सुटल्यात, पण नळ्या धड आहेत. सडलं असतं तर..."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"मग निदान सॅम्पल खराब होतं असं लिहू. पुन्हा तपासतील."

"आणि चूक आपल्यावर आली म्हणून पाटोद्याचा डॉक्टर पुढचे पेशंट दुसऱ्या लॅबला धाडेल, ते तू भरून देणार?" त्यांनी मिरची तोडली, कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा ओढला आणि खाली भराभर सह्या ठोकल्या. "वरचं भर तू. मला सोनोग्राफीच्या उद्घाटनाला जायचंय."

ते गेले. मायक्रोस्कोपवर भज्याचं तेल तसंच होतं. सईदाला त्या तेलाची, त्या सहीची आणि सात वर्षं वरचं मुकाट भरत आलेल्या स्वतःचीही किळस आली. तिने हात धुतले, टाइपरायटर पुढे ओढला आणि जे दिसलं तेच टाइप केलं. कॅन्सर आहे. खाली डॉक्टरांची सही होतीच.

"खरं सांगते," शुक्रवारी ती महानंदाला म्हणाली. "कॅन्सर हाय. काखंतलं बी दाखवा. बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात जा, आजच्या आज."

महानंदाने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. शिवलिंगप्पा बार्शीची गाडी कधी आहे ते विचारायला लागला.

दीड महिन्याने, नेमका गुरुवारी, तो पेढे घेऊन हजर झाला. डॉक्टरांच्या पाया पडला. "तुमच्यामुळं वाचली, सायेब. आप्रेशन झालं. बार्शीवाले म्हनले, वेळेवर सापडलं."

डॉक्टरांना काही उमगेना. त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. स्वतःच्या सहीवर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी सईदाकडे पाहिलं. आता नोकरी गेली, असं समजून तिने ओढणी सावरली.

"अनुभव लागतो, शिवलिंगप्पा," डॉक्टर म्हणाले. "बघताक्षणीच ओळखलं मी. पेशी सुटलेल्या, पण नळ्या धड."

आवाज जराही हलला नाही. शिवलिंगप्पाने पुन्हा हात जोडले. डॉक्टरांनी पुडा फोडला, एक पेढा स्वतः खाल्ला आणि त्याच बोटांनी दुसरा सईदापुढे धरला.

"घ्या की ताई," शिवलिंगप्पा म्हणाला. "तिनं मुद्दाम तुमच्यासाठी सांगितलंय. म्हनली, त्या ताईंनी खाल्ला का न्हाई, ते बघूनच या."

सईदाच्या घशाशी आलं होतं. तिने पेढा तोंडात घातला आणि महानंदासाठी गिळला.